2023 मध्ये एवढ्या आपत्ती एकदम कशा आल्या, आणि माणसं नेमकी कशाने दगावली?

प्रश्न असा होता: "2023 मध्ये तुर्कस्तानचा भूकंप, मलावीतलं वादळ, कॅनडाचे वणवे, हवाईची आग, लिबियाचा पूर, मोरोक्को, अफगाणिस्तान असं एकामागून एक चालूच राहिलं. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे का? आपत्ती खरंच वाढल्या आहेत की फक्त बातम्या? आणि या क्षेत्रात काम करायचं असेल तर अशा वर्षाचा अभ्यास कुठून सुरू करावा?"

आपत्तीनंतरच्या नुकसानीचा अभ्यास आणि पूर्वतयारीचं प्रशिक्षण या कामात मी बरीच वर्षं आहे. हे प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. 2023 हे वर्ष ते समजून घ्यायला फार उपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भूकंप बाजूला काढू. त्यांचा त्या वर्षीच्या हवामानाशी काही संबंध नाही. 6 फेब्रुवारीला पहाटे 4 वाजून 17 मिनिटांनी तुर्कस्तानच्या आग्नेय भागात 7.8 तीव्रतेचा धक्का बसला, तो पूर्व अनातोलियन फॉल्टवर, म्हणजे भूकवचातल्या तिथल्या मोठ्या भेगेवर, दीर्घकाळ साठत आलेला ताण मोकळा झाल्यामुळे. सुमारे नऊ तासांनी 7.5 तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. हा मात्र पहिल्याशी जोडलेला होता, कारण एक भेग सरकली की शेजारच्या भेगेवरचा ताण बदलतो. पण 8 सप्टेंबरचा मोरोक्कोतला 6.8 चा भूकंप किंवा ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला हादरवणारी 6.3 तीव्रतेच्या धक्क्यांची मालिका, यांचं तुर्कस्तानशी किंवा आपसांत काही नातं नाही. जगात सरासरी वर्षाला 7 ते 7.9 तीव्रतेचे पंधरा-सोळा भूकंप होतात आणि 8 किंवा त्याहून मोठा एखादा. 2023 मध्ये 8 तीव्रतेचा एकही भूकंप झाला नाही. म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींच्या हिशेबाने ते साधारण वर्ष होतं. तरीही 2010 मधल्या हैतीनंतरचा जगातला सर्वाधिक बळी घेणारा भूकंप याच वर्षी झाला. तुर्कस्तान आणि सीरियात मिळून 55 हजारांहून अधिक माणसं गेली.

घटना केवढी होती आणि हानी केवढी झाली ही दोन मापं वेगळी आहेत. ती एकत्र मोजली की सगळाच गोंधळ होतो. या दोहोंमधलं अंतर कशाने ठरतं, हाच माझ्या कामाचा विषय आहे आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण 2010 चं आहे. जानेवारीत हैतीमध्ये 7.0 चा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक लोक मेले. फेब्रुवारीत चिलीमध्ये 8.8 चा झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट होती. तिथे मृत्यू झाले सव्वापाचशेच्या आसपास, आणि त्यातले बरेच त्सुनामीमुळे. हैतीचं केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होतं, हे खरं. पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. चिलीने 1960 च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि ते पाळलेही, हे मोठं कारण.

तुर्कस्तानकडे नियम नव्हते असं अजिबात नाही. 1999 च्या इझमित भूकंपात 17 हजारांहून अधिक लोक गेल्यावर तिथे नियमांवर पुन्हा पुन्हा काम झालं, 2018 ची नियमावली तर चांगली मानली जाते. पण त्याच 2018 मध्ये बेकायदा किंवा नियमबाह्य बांधकामं पैसे भरून नियमित करून घेण्याची माफी योजनाही आली, आणि लाखो बांधकामांनी तिचा लाभ घेतला. इमारत कागदावर कायदेशीर झाली, कॉलम मात्र होता तसाच राहिला. कोसळलेल्या इमारतींची जी छायाचित्रं आणि अहवाल आले त्यांत तेच ते दोष दिसतात: जुन्या इमारतींत गुळगुळीत सळया, कॉलममधल्या रिंगा लांब लांब अंतरावर, कमी प्रतीचं काँक्रीट, दुकानांसाठी मोकळा ठेवलेला कमकुवत तळमजला. असा तळमजला आधी बसतो आणि वरचे सगळे मजले एकावर एक येतात. मधे पोकळी उरत नाही, त्यामुळे आत माणूस जिवंत सापडण्याची शक्यताही फार कमी. कॉलममधली एक रिंग वाचवण्यात पैसे किती वाचतात आणि जातं काय, हा हिशेब प्रत्येक बांधकाम पर्यवेक्षकाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

धक्क्यांची ताकद तिथे खरोखर प्रचंड होती, हेही नोंदवायला हवं. काही ठिकाणी जमिनीचं हलणं नियमावलीत गृहीत धरलेल्या मर्यादेच्या वर गेलं. सगळा दोष कंत्राटदाराचा, असा सोपा निकाल देता येत नाही. पण नियमावलीचा मूळ हेतू इमारत अखंड राहावी असा नसतोच. ती मोडली, वाकली, पाडायची वेळ आली तरी चालेल, आतल्या माणसांवर एकदम बसू नये, एवढाच असतो. तो हेतू हजारो इमारतींत फसला.

आता हवामानाकडे येऊ. इथे मात्र एक समान धागा आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने 2023 चं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे 1.45 अंश सेल्सिअसने जास्त होतं, तोवरच्या नोंदींतलं सर्वाधिक. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, ते 1.55 वर गेलं. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहतं ती ला नीना स्थिती तीन वर्षं टिकली, आणि तिच्यानंतर 2023 च्या जूनमध्ये उलट, ते पाणी तापवणारा एल निनो सुरू झाला आणि त्याने आधीच तापलेल्या समुद्रांवर भर घातली. अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळी बर्फ सप्टेंबरमध्ये कमाल पातळीला पोहोचला तेव्हा तो आधीच्या नीचांकापेक्षाही सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरने कमी होता. या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांनाही त्या आकड्यावर विश्वास ठेवायला वेळ लागला.

तापमान वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशाला सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. जिथे पाणी आहे तिथून हवा जास्त बाष्प उचलते आणि जिथे पाऊस पडतो तिथे ते जास्त प्रमाणात, कमी वेळात ओतते. म्हणून एकाच वर्षात दुष्काळ आणि अतिवृष्टी दोन्हींचे उच्चांक दिसणं यात विसंगती नाही. 29 जुलै ते 2 ऑगस्टदरम्यान बीजिंगमध्ये एका ठिकाणी 744.8 मिलिमीटर पाऊस पडला, तिथल्या 140 वर्षांच्या नोंदींतला सर्वाधिक. 7 सप्टेंबरच्या रात्री हाँगकाँगमध्ये एका तासात 158.1 मिलिमीटर पडला, 1884 पासूनचा विक्रम. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या मानाउसपाशी रिओ नेग्रो नदी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली, आणि तेफे सरोवराचं पाणी 39 अंशांवर तापून दीडशेच्या आसपास डॉल्फिन मेले. पूर्व आफ्रिकेत सलग पाच पावसाळे कोरडे गेले होते, त्याच भागात 2023 च्या अखेरीस पूर आले. कोरडी, कडक झालेली जमीन पाणी पटकन मुरवून घेत नाही, त्यामुळे दुष्काळानंतरचा पूर आणखी वाईट असतो.

मात्र प्रत्येक घटनेवर "हवामान बदल" हा शिक्का मारू नका. कुठल्या घटनेत त्याचा वाटा किती, हे तपासायची पद्धत आज उपलब्ध आहे. मानवी उत्सर्जन नसलेलं जग आणि आजचं जग यांची संगणकीय प्रारूपं चालवायची, नोंदींशी ताडून पाहायची आणि अशी घटना किती पट शक्य झाली ते काढायचं. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन हा गट हे काम घटना घडल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत करतो. जुलै 2023 मध्ये दक्षिण युरोप आणि उत्तर अमेरिकेत आलेल्या उष्णतेच्या लाटा हवामान बदलाशिवाय जवळपास अशक्य होत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात आलेल्या पुरांबाबत, तशा वसंतातल्या पावसात हवामान बदलाचा ठळक वाटा दिसत नाही, असंही याच गटाने सांगितलं. मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. जी पद्धत "नाही" म्हणू शकते तिच्या "हो" वर भरवसा ठेवता येतो. साधारणपणे उष्णतेच्या लाटांबाबत ही खात्री सर्वांत जास्त असते, अतिवृष्टीबाबत त्याहून कमी, आणि वादळांच्या संख्येबाबत बरीच कमी.

आता त्या वर्षातल्या ज्या प्रकरणाचा मी सर्वांत जास्त अभ्यास केला त्याकडे येतो: डॅनियल वादळ आणि डेर्ना.

डॅनियल सप्टेंबरच्या सुरुवातीला ग्रीसवर आलं. थेसली प्रांतातल्या झागोरा गावात एका दिवसात 754 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मैदानातली शेती तळ्यासारखी भरली, गावं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. यंत्रणेने मोबाइलवर इशारे पाठवले होते, काही भागांत वाहतूकच बंद केली होती. ग्रीसमध्ये 17 लोक गेले. तेच वादळ भूमध्य समुद्रावर पुन्हा बळ धरून 10 सप्टेंबरला लिबियाच्या ईशान्य किनाऱ्यावर पोहोचलं. अल-बैदा इथे 24 तासांत 414.1 मिलिमीटर पाऊस झाला. तिथल्या रखरखीत प्रदेशासाठी हा आकडा अफाट आहे, पण झागोराच्या जेमतेम 55 टक्के. डेर्ना शहरात मात्र हजारो लोक मेले, आणि आणखी हजारो बेपत्ता झाले.

डेर्ना शहर एका कोरड्या नदीच्या, म्हणजे वादीच्या, मुखाशी वसलेलं आहे. वर्षातले बहुतेक दिवस पात्रात पाणी नसतं, त्यामुळे वस्ती थेट काठाला भिडलेली. वरच्या बाजूला 1970 च्या दशकात बांधलेली दोन धरणं होती. वरचं अबू मन्सूर, शहरापासून सुमारे 13 किलोमीटरवर, आणि खालचं अल-बिलाद, शहराच्या अगदी डोक्यावर. दोन्ही दगड-मातीच्या भरावाची. अशा धरणाचं एक मर्म आहे. काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिलं तर ते बहुधा टिकतं, भरावाच्या धरणावरून वाहिलं तर पाणी भराव कापत जातं आणि धरण काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, नाहीसं होतं. म्हणून अशा धरणाचा सांडवा केवढ्या पुरासाठी आखला आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. डेर्नामध्ये आखणी जुन्या, त्रोटक नोंदींवर झाली होती. दुरुस्तीचं काम ठरलं होतं, पण 2011 नंतरच्या यादवीत ते अर्धवट राहिलं. 2022 मध्ये ओमर अल-मुख्तार विद्यापीठातल्या एका जलतज्ज्ञाने शोधनिबंधात स्पष्ट लिहिलं होतं की मोठा पूर आला तर ही धरणं फुटतील आणि शहराचा विनाश होईल. 11 सप्टेंबरच्या पहाटे वरचं धरण गेलं. त्याचं सगळं पाणी खालच्यावर आलं, तेही गेलं, आणि माणसं झोपेत असताना लाट शहराच्या मधोमध शिरून इमारतींसकट सगळं समुद्रात घेऊन गेली.

इशारा नव्हता का? होता. लिबियाच्या हवामान खात्याने 72 तास आधी अतिवृष्टीचा इशारा दिला होता. पण तो पावसाचा इशारा होता. एवढा पाऊस पडल्यावर त्या दोन धरणांचं काय होईल, हे सांगणं कोणाच्याच कामाचा भाग नव्हतं. हवामान खातं वेगळं, धरणं वेगळ्या खात्याची, देशात दोन सरकारं. काही भागांत लोकांना किनाऱ्यालगतची घरं सोडायला सांगितलं गेलं, कारण सगळ्यांचं लक्ष समुद्राच्या लाटांकडे होतं. इतरांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं गेलं. धोका मागून, डोंगराच्या बाजूने येणार होता. जागतिक हवामान संघटनेचे तेव्हाचे प्रमुख पेट्टेरी तालास यांनी नंतर सांगितलं की यंत्रणा नीट चालत असती तर बहुतेक मृत्यू टाळता आले असते. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे.

तीन-चार आठवड्यांनी हिमालयात याचीच छोटी आवृत्ती घडली. 3 ऑक्टोबरच्या रात्री सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक या हिमतलावात काठावरचा दरडीचा मोठा भाग कोसळला, तलाव फुटला आणि पाण्याच्या लोंढ्याने चुंगथांगचं तीस्ता-3 प्रकल्पाचं धरण उडवून लावलं. तलाव वाढतोय आणि धोकादायक आहे, हे अभ्यासकांनी दहा वर्षं आधीपासून लिहून ठेवलं होतं. तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर हे लक्षात घ्या: अभ्यास नव्हता म्हणून झालेल्या आपत्ती फार थोड्या असतात. अभ्यास कपाटात असतो आणि त्यावर निर्णय घेणं कोणाच्या टेबलावरचं काम आहे, हेच ठरलेलं नसतं.

इशारे नीट चालले तर काय होतं तेही त्याच वर्षात दिसलं. जूनमध्ये अरबी समुद्रातलं बिपरजॉय चक्रीवादळ 15 तारखेला गुजरातच्या जखाऊजवळ धडकलं. त्याआधी सुमारे एक लाख लोकांना हलवलं होतं. घरं, झाडं, विजेचे खांब यांचं नुकसान मोठं झालं, पण किनाऱ्यावर येतानाची जीवितहानी जवळजवळ नव्हती. याच किनाऱ्यावर 1998 मध्ये कांडल्याला आलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसं गेली होती. बांगलादेशाचा आलेख तर याहून बोलका आहे. 1970 च्या भोला वादळात किमान तीन लाख मृत्यू, 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार, 2007 च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. समुद्र तोच, सखल किनाराही तोच, आणि मधल्या काळात लोकसंख्या वाढलेली. बदल झाला तो निवारा केंद्रांमुळे, आणि ध्वनिक्षेपक घेऊन दारोदार फिरणाऱ्या हजारो स्वयंसेवकांमुळे.

पण इशाऱ्याला मर्यादा आहेत, आणि त्या तीन वेगवेगळ्या जागी असतात.

कधी अंदाजच चुकतो. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ ओटिस हे साधारण वादळ होतं. 24 तासांच्या आत ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीचं झालं आणि 25 तारखेच्या मध्यरात्रीनंतर थेट अकापुल्कोवर आदळलं. जवळपास सगळ्या प्रारूपांनी ते सौम्य राहील असं म्हटलं होतं. शहराला तयारीला उरला जेमतेम एक दिवस. तापलेल्या समुद्रावर वादळं अशी झपाट्याने बळावण्याचा धोका वाढतो आहे, आणि अंदाजशास्त्रापुढचं आजचं सर्वांत अवघड काम हेच आहे.

कधी अंदाज बरोबर असतो, भोंगा वाजत नाही. 8 ऑगस्टला हवाईच्या माउई बेटावर सोसाट्याचा वारा आणि कोरडं गवत यामुळे आगीचा धोका आहे, हा इशारा आधीच दिलेला होता. उसाचे आणि अननसाचे मळे बंद पडल्यावर पडीक जमिनीवर बाहेरून आलेलं गवत माजलं होतं. लाहायना शहर काही तासांत जळालं, शंभरावर माणसं गेली. हवाईकडे जगातल्या सर्वांत मोठ्या भोंगा-यंत्रणांपैकी एक आहे. ती त्या दिवशी वाजवली गेली नाही. कारण असं दिलं गेलं की भोंगा मुख्यतः त्सुनामीसाठी ओळखला जातो, तो ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडे, पळाले असते. हे कारण काही अगदीच चूक नाही. पण त्यातून दिसतं ते एवढंच की एका आवाजाचा अर्थ एकच धोका असा लोकांना शिकवला गेला होता आणि दुसऱ्या धोक्याची रंगीत तालीम कधी झालीच नव्हती.

आणि कधी अंदाज बरोबर, इशाराही पोहोचतो, पण माणसाला हलता येत नाही. 14 मे रोजी मोखा चक्रीवादळ म्यानमारच्या सित्तवेजवळ धडकलं. लष्करी सरकारने 145 मृत्यू जाहीर केले, त्यांतले बहुसंख्य रोहिंग्या, ज्यांना सखल भागातल्या छावण्यांबाहेर मोकळेपणाने जायची परवानगीच नव्हती. मार्चमध्ये फ्रेडी वादळाने मलावीत केलेला संहारही याच प्रकारचा. हे वादळ 36 दिवस टिकलं, जगातल्या नोंदींत सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियाजवळ जन्मून ते अख्खा हिंदी महासागर ओलांडून मादागास्कर आणि मोझांबिकवर आलं, समुद्रात परत गेलं आणि पुन्हा मोझांबिकवर उलटलं. एवढे दिवस सगळं जग त्याला उपग्रहावरून पाहत होतं. तरीही मलावीच्या ब्लँटायर शहरात उघड्याबोडक्या टेकड्यांच्या उतारावर राहणाऱ्या वस्त्यांवर चिखल आणि दगड कोसळले आणि देशात मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसं गेली. उतारावर राहू नका, हे त्या लोकांना माहीत नव्हतं असं समजू नका. परवडणारी जागा तेवढीच होती. वर देशात आधीपासूनच कॉलराची इतिहासातली सर्वांत मोठी साथ चालू होती.

तुमचा दुसरा प्रश्न: आपत्ती वाढल्या की बातम्या? दोन्ही. बेल्जियममधली ईएम-डॅट ही नोंदवही जगभर वापरली जाते. तिथे घटना नोंदायला दहा मृत्यू, किंवा शंभर बाधित, किंवा आणीबाणीची घोषणा, किंवा परदेशी मदतीची मागणी यापैकी एक निकष लागतो. 1960 किंवा 1970 च्या दशकात दूरच्या देशातला छोटा पूर या वहीपर्यंत पोहोचायचाच नाही. म्हणून जुन्या दशकांपासून चढत जाणारा आलेख दाखवून कुणी घाबरवलं तर थोडं थांबा. पण गेल्या तीसेक वर्षांत उष्णतेच्या लाटा आणि तीव्र पाऊस वाढले आहेत, हे थेट तापमापक आणि पर्जन्यमापकांवरून कळतं. त्यासाठी आपत्तींची यादी मोजावीच लागत नाही.

या वहीतली सर्वांत मोठी उणीव मात्र उष्णतेची आहे. त्या वर्षाच्या ताळेबंदात ईएम-डॅटने 399 आपत्ती आणि 86 हजारांहून काही अधिक मृत्यू नोंदले. त्यातून तुर्कस्तान-सीरिया वजा केलं तर उरतात तीसेक हजार. आता बार्सिलोनाच्या आयएसग्लोबल संस्थेच्या अभ्यासानुसार 2023 मध्ये एकट्या युरोपात उष्णतेमुळे 47 हजारांहून अधिक मृत्यू झाले. ते त्या तीस हजारांत मावतच नाहीत. म्हणजे तुर्कस्तानच्या भूकंपाच्या तोडीची जीवितहानी जगाच्या हिशेबात धरलीच गेली नव्हती. कारण उष्णतेने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार लिहिलेला असतो. ढिगारा नसतो, छायाचित्र नसतं. घरात एकटी राहणारी वृद्ध माणसं जातात आणि आकडा पुढे कित्येक महिन्यांनी, नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले ते मोजल्यावर कळतो. युरोपात निदान मोजणी तरी होते. जिथे मृत्यूची नोंदच नीट होत नाही अशा उष्ण देशांत काय होत असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. त्याच अभ्यासात एक चांगली बाजूही आहे: या शतकात युरोपातल्या समाजाने उष्णतेशी जे जुळवून घेतलं, इशारे, आरोग्यसेवा, घरं, ते झालं नसतं तर मृत्यू सुमारे 80 टक्क्यांनी जास्त असते.

पैशातल्या नुकसानीबद्दल फार लिहीत नाही. म्युनिक रे या पुनर्विमा कंपनीने (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) 2023 चं नुकसान 250 अब्ज डॉलर काढलं, त्यातलं 95 अब्ज विमा उतरवलेलं. पण असे आकडे श्रीमंत देशांकडे झुकतात. गारपिटीने फुटलेली महागडी छपरं त्यात पूर्ण मोजली जातात, मलावीतलं वाहून गेलेलं मातीचं घर आणि त्यातलं बियाणं जवळजवळ मोजलं जात नाही.

कॅनडाच्या वणव्यांचं एवढंच सांगतो की दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं, आधीच्या विक्रमाच्या दुप्पट. त्यातलं बहुतेक क्षेत्र विजा पडून लागलेल्या आगींत गेलं. यलोनाइफसारखं सुमारे वीस हजार वस्तीचं शहर वेळेत रिकामं केलं गेलं. पण जूनमध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी करणाऱ्या धुराने किती लोकांचं आयुष्य कमी केलं, हा हिशेब उष्णतेसारखाच उशिरा आणि अर्धवट लागतो.

आता तिसरा प्रश्न, काम कुठून सुरू करायचं. बातम्या पहिल्या आठवड्यात वाचा, पण अभ्यास वर्षभरानंतर आलेल्या चौकशी अहवालांचा करा. पहिल्या आठवड्यातला आकडा कधीच शेवटचा नसतो. लाहायनाचा आकडा वर गेला होता आणि ओळख पटवल्यानंतर खाली आला, डेर्नाचे वेगवेगळे आकडे आजही वापरले जातात. अहवालात घटनेची वेळापत्रकासारखी मांडणी शोधा: कोणाला काय कधी कळलं, त्याने कोणाला कळवलं, आणि निर्णय किती तास अडकला. बहुतेक वेळा उत्तर त्या रिकाम्या तासांत असतं.

हवामानशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र शिकून या क्षेत्रात येणारे तरुण मला भरपूर भेटतात, आणि ते हवेच आहेत. पण आज खरी कमतरता आहे ती दोन खात्यांच्या मधे उभं राहून "414 मिलिमीटर पाऊस म्हणजे या धरणावर पाणी इतक्या उंचीवर, म्हणजे या गल्लीतली घरं रात्री दहाच्या आत रिकामी" असा अनुवाद करणाऱ्या माणसांची. याला परिणाम-आधारित इशारा म्हणतात. 2027 अखेरपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला इशारा मिळावा, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी 2022 मध्ये ठेवलं आहे. त्यासाठी उपग्रह आणि रडार लागतात, पण त्याहून जास्त असे लोक लागतात. जलशास्त्र, नकाशाशास्त्र यांपैकी एक विषय पक्का करा आणि त्याबरोबर स्थानिक प्रशासनात निर्णय कसे होतात ते प्रत्यक्ष बसून शिका.

आणि सराव म्हणून एक काम लगेच करता येईल. तुमच्या ओळखीचं एखादं धरण किंवा तलाव निवडा. त्याचा सांडवा केवढ्या विसर्गासाठी आखला आहे, ती आखणी कोणत्या वर्षापर्यंतच्या पावसाच्या नोंदींवर झाली, त्यानंतर तिथे एका दिवसातला सर्वाधिक पाऊस किती पडला, धरण फुटलं तर पाणी कुठवर पोहोचेल याचा नकाशा आहे का, आणि मध्यरात्री खालच्या गावाला फोन करायची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे, हे शोधून लिहून काढा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला सर्वांत जास्त वेळ लागेल, तिथूनच सुरुवात करा.